नुसता एचपी पाहून जुना मिनी ट्रॅक्टर घेऊ नका

भाऊ, काटोलच्या संत्राबागेत रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) आणि ट्रॉली दोन्ही चालवायची आहे, तर जुना १५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. फवारणीला, हलक्या वखरणीला पुरेल. पण आपल्या काळ्या जमिनीत रोटाव्हेटर लावला की एका सिलिंडरचं इंजिन, उदाहरणार्थ महिंद्राच्या युवराज २१५ चं, लवकर दमतं. मी तरी तीन सिलिंडरचा, २२-२४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्हच बघा म्हणेन. कुबोटाचा बी२४४१ त्यातलाच.

पाहायला जाल तेव्हा बोनेट उघडून आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलाय, म्हणजे थंड असताना सुरू व्हायला त्रास देतो का ते कळणार नाही. पूर्ण थंड होऊ द्या, मग स्वतः सेल्फ मारा. निळा धूर थांबतच नसेल तर इंजिन ऑइल जाळतंय, पिस्टनच्या रिंगांचं काम निघणार. हायड्रॉलिक, म्हणजे अवजार उचलणारी लिफ्ट, मात्र रोटाव्हेटर लावूनच तपासा. वर उचला, इंजिन बंद करा आणि थांबा. पाच मिनिटांत अवजार जमिनीला टेकलं तर आतून गळती आहे. गियर ऑइलची डिपस्टिकही काढा, तेल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलंय. भंडारा-गोंदियाकडचा, धानाच्या चिखलणीत राबलेला ट्रॅक्टर असेल तर हे बघाच, एक्सलच्या सीलसकट.

नव्या रंगाला भुलू नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी (बँकेचा ना-हरकत दाखला) हाती आल्याशिवाय टोकन देऊ नका.