ब्रिज: २ इस्पिक सोडायचं, की ३ बदाम म्हणायचं?

दुर्री_सीताबर्डी
मॅचपॉइंट पेअर्स (जोड्यांची स्पर्धा; तेच डाव खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना). आपण व्हल्नरेबल (करार हुकला तर दंड जास्त), ते नाहीत. माझी पानं:

इस्पिक ८ ३
बदाम राजा १० ७ ४
चौकट एक्का ९ ६ ५
किलवर ७ ४ २

बोली अशी (आकडा अधिक ६ इतके हात घ्यायचे, तो रंग हुकूम): पार्टनर १ बदाम, उजवीकडून १ इस्पिक, मी २ बदाम, डावीकडून २ इस्पिक, मग पास, पास. आता मी काय बोलू? मेजर (इस्पिक किंवा बदाम) पाच पानांचं खेळतो, म्हणजे पार्टनरकडे पाच बदाम तरी आहेत. लूझर (हरू शकणारी पानं) मोजले तर माझे ९, पार्टनरचे ७ धरले. २४ मधून १६ गेले की उरले ८ हात. म्हणजे ३ बदाम एकाने डाऊन (करारापेक्षा एक हात कमी). म्हणून पास योग्य वाटतो. धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर मात्र तिघांची तीन मतं.

बदामराजा
भाऊ, ३ बदाम. लूझरचं गणित आपल्याला किती हात मिळतील एवढंच सांगतं. इथे त्यांना किती मिळतील हेही बघायचंय. जाँ-रेने वेर्न यांचा १९६९ मधला नियम लावा: दोन्ही बाजूंच्या हुकमांची बेरीज साधारण एकूण हातांइतकी. आपले बदाम ५ अधिक ४ म्हणजे ९, त्यांचे इस्पिक ५ अधिक ३ म्हणजे ८. एकूण १७.

त्यांना ८ हात असतील तर आपल्याला ९: पास केला तर आपले गुण उणे ११०, बोललो तर अधिक १४०. त्यांना ९, आपल्याला ८: उणे १४० ऐवजी उणे १००. त्यांना ७, आपल्याला १०: अधिक ५० ऐवजी अधिक १७०. फसतो फक्त त्यांना १० आणि आपल्याला ७ असतील तेव्हा: उणे १७० च्या जागी उणे २००.

खरी मेख वेगळीच. तुमच्या २ बदामने तीनच पानांची हमी दिली. चौथं पान तुमच्याकडे आहे हे पार्टनरला ठाऊक नाही, म्हणून तो पास करतो. त्याच्याकडे सहावा बदाम असता तर तोच ३ म्हणाला असता. जादा हुकूम ज्याच्या हातात, बोलायचं काम त्याचं. बदाम तीनच असते तर व्हल्नरेबल असताना मीही गप्प बसलो असतो.

किलवर_सत्ती
हे सगळे आकडे डबल (समोरच्यांनी दंड वाढवायला केलेली बोली) पडला नाही तर. डबल पडून एक डाऊन म्हणजे उणे २००, दोन डाऊन म्हणजे उणे ५००. तरी या पानांवर मीही ३ बदामच म्हणेन, कारण पानं शुद्ध आहेत: राजा हुकमात, एक्का बाजूच्या रंगात, इस्पिकमध्ये काही नाही. याच जागी इस्पिकची राणी-गुलाम असती आणि चौकटचा एक्का नसता, तर पास. ती चित्रं बचावात एखादा हात देतात, आपल्या करारात मात्र कुजतात, आणि एकूण हात १७ पेक्षा कमी भरतात.

मूळ चूक मला पहिल्या बोलीत दिसते. चार पानांचा आधार तेव्हाच दाखवायला हवा होता. बऱ्याच जोड्या इथे ३ इस्पिकची उडी मिक्स्ड रेझ म्हणून खेळतात: चार हुकूम, साधारण ७ ते ९ पॉइंट (एक्का आणि चित्रांची किंमत). थेट ३ बदाम यापेक्षा हलक्या पानांवर. तेवढं ठरलेलं असेल तर डावीकडच्याला २ इस्पिक म्हणायची जागाच उरत नाही.

दुर्री_सीताबर्डी
आमचं तसं काही ठरलेलं नव्हतं. आणि एक सांगायचं राहिलं, पार्टनरने पास करण्याआधी बराच विचार केला होता.

चौथा_गडी
मग प्रकरण निराळं. त्या थांबण्यातून मिळालेली माहिती तुम्हाला वापरता येत नाही, ब्रिजच्या नियमावलीतला नियम १६. थांबणं म्हणजे जादा काहीतरी आहे, आणि ते बोलण्याकडे ढकलतं. डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावलं तर तो तुमच्या तोडीच्या काही खेळाडूंना पानं दाखवून, थांबणं न सांगता, विचारेल. त्यातले बरेच जण पासचा गंभीरपणे विचार करत असतील आणि काही जण करतही असतील, तर तुमचं अधिक १४० खोडून २ इस्पिकचा निकाल लागू शकतो. विचार उजवीकडच्या १ इस्पिकवर करून ठेवा. २ बदामचं कार्ड काढतानाच ‘२ इस्पिक आलं तर ३’ हे मनात पक्कं हवं.

बदामराजा
बरोबर. आणि त्यावर त्यांनी ३ इस्पिक म्हटलं तर पास. ४ बदामकडे जायचं नाही, एका एक्का-राजावर डबलही नाही.