विकलेल्या गाडीत कंपनीने परस्पर बदल करावेत का?

गोदाकाठ, परभणी

इलेक्ट्रिक गाड्यांचे सॉफ्टवेअर अपडेट चांगले की वाईट, हा वाद मला घालायचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी एकदा माझ्या नावावर झाली, की तिच्या ब्रेकिंगमध्ये, चार्जिंगमध्ये किंवा बॅटरीच्या वापरात काही बदलायचं असेल तर ते आधी मला सांगा. आणि नको म्हणायची सोय ठेवा.

झालं असं की गाडी सर्व्हिसिंगला सोडली होती. ताब्यात घेताना जॉब कार्डवर एक ओळ जास्तीची होती, ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’. काय बदललं म्हणून विचारलं, तर तिथला सल्लागार म्हणाला, "सर, परफॉर्मन्स वाढतो." वाढला तो असा: पाय उचलल्यावर गाडी पूर्वीइतकी दबत नाही, म्हणजे रिजेन (पाय उचलल्यावर गाडी आपोआप मंदावून वीज परत बॅटरीत भरणं) कमी केलाय. फुल चार्जला रेंज साधारण २५ किलोमीटरनी कमी दिसते. आणि उन्हाच्या वेळी डीसी, म्हणजे जलद चार्जरवर लावली की चार्जिंगचा वेग लवकर पडतो. यातलं एखादं माझ्या भल्याचं असेलही. पण ते मला विचारून झालं नाही.

सातबाऱ्यावर साधा फेरफार घ्यायचा तरी तलाठी नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस देतो. इथे लाखांची वस्तू, आणि नोटीस नाही की हरकत नाही. तुम्हाला काय वाटतं? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीही आपापल्या तक्रारीत लिहू नका. नाहीतर धागा भलतीकडे जातो.

पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

फेरफाराच्या नोटिसा चावडीवर लागतात, पण वाचतं कोण? ‘नियम व अटी’ न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवणारे आपणच.

अपडेटने दिलेलं काय ते आधी बघा. टाटाने जुलै २०२२ मध्ये नेक्सॉन ईव्ही प्राइम आणली, तिच्यात रिजेनच्या पायऱ्या, क्रूझ कंट्रोल, टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना असं बरंच नवं होतं. जुन्या २२,००० पेक्षा जास्त मालकांना तेच सॉफ्टवेअरमधून फुकट मिळालं. जानेवारी २०२३ मध्ये नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज ४३७ वरून ४५३ किलोमीटर झाली, तीही जुन्या ग्राहकांना शोरूममध्ये जाऊन घेता आली. पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेज विकल्यानंतर वाढवून दिल्याचं एक तरी उदाहरण सांगा.

अमेरिकेत २०१८ साली कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक-संस्थेच्या चाचणीत टेस्लाच्या मॉडेल ३ ला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले होते. कंपनीने घरबसल्या अपडेट पाठवलं, अंतर १३३ फुटांवर आलं. स्पॅनरला हात न लावता १९ फूट! हे नको म्हणणार आहात का?

गोदाकाठ, परभणी

४३७ चे ४५३ होतात तेव्हा बातमी येते. कमी होतं तेव्हा जॉब कार्डवर ओळ येते. माझी तक्रार दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

बालाघाट, बीड

गोदाकाठ, तुमच्या मुद्द्याला माझा विरोध नाही, पण पुरावा कच्चा आहे. ‘रेंज कमी दिसते’ म्हणजे रेंज कमी झाली असं नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी आहे. तिचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, म्हणून नुसत्या व्होल्टेजवरून किती टक्के उरले ते बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेला, कळत नाही. ती आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजत बसते. त्यात थोडी थोडी चूक साचते. अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात ते त्यासाठीच. जुन्या सॉफ्टवेअरवर कित्येकांच्या गाड्या १५ टक्के दाखवता दाखवता एकदम मान टाकत होत्या. नव्या सॉफ्टवेअरने आकडा खाली आणला असेल, तर कदाचित आधीचा आकडाच फुगवलेला होता. शिवाय स्क्रीनवरची रेंज मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. आठवडाभर एसी लावून समृद्धीवर ११०-१२० ने पळवली तर तो पडणारच.

खरी परीक्षा मीटरवर होते. समजा बॅटरी ४०.५ युनिटची आहे. २० टक्क्यांवरून १०० पर्यंत भरली तर आत ३२.४ युनिट जायला हवेत. घरच्या एसी चार्जरवर १०-१५ टक्के वाया जातात, म्हणजे वेगळ्या मीटरवर ३६ ते ३८ च्या आसपास आकडा यावा. त्यापेक्षा बरेच कमी युनिट लागत असतील तर मात्र कंपनीने बॅटरीचा काही भाग कुलूपबंद केलाय किंवा बॅटरी थकलीय. फुल चार्जवर रिजेन तपासू नका, तेव्हा बॅटरीत जागाच नसते, त्यामुळे तो तसाही कमी असतो.

कयाधू, हिंगोली

तुमचं सगळं बरोबर आहे हो, पण आमचं ऐका. आमच्याकडं गाडी लॅपटॉपला लावायची म्हणजे कधी नांदेड गाठायचं, नाहीतर थेट संभाजीनगर. जाऊन येऊन दिवस मोडतो, वर तिथं म्हणतात, "लॅपटॉपवाला आज सुट्टीवर हाय." हे अपडेट हवेतून, घरच्या वायफायवर आलं तर कामून नको म्हणायचं? शहरातल्या लोकांना नको म्हणायची हौस परवडते. आमाला आधी मिळू तर द्या.

आन गोदाकाठ, चार्जिंगचा वेग उन्हात पडायलाय म्हणता. मे महिन्यात ४३ डिग्रीत बॅटरी तापवून भरायची, आन उद्या तिचं काही झालं की आठ वर्षांची वॉरंटी मागायची, दोन्ही कसं जमंल?

विष्णुपुरी, नांदेड

कयाधू, नेमका इथेच माझा आक्षेप आहे. वॉरंटीचा खर्च वाचतो कंपनीचा आणि चार्जरवर जास्तीचा अर्धा तास बसतो मी. हा सौदा कंपनीने एकटीने ठरवला. कदाचित मीही बॅटरी जपायचंच निवडलं असतं, पण निवडणारा मी हवा होतो. जाहिरातीत तर ‘इतक्या मिनिटांत ८० टक्के’ हेच मोठ्या अक्षरात होतं.

टेस्लाचं ब्रेकचं उदाहरण पाणचक्कींनी दिलं, त्याच कंपनीचं दुसरंही द्यायला हवं होतं. २०१९ मध्ये आगीच्या काही घटनांनंतर मॉडेल एसच्या काही गाड्यांच्या बॅटरीचं कमाल व्होल्टेज अपडेटने उतरवलं. मालकांची रेंज रात्रीत घटली. पुढच्या अपडेटमध्ये टप्प्याटप्प्याने परत दिली, पण तोवर लोक कोर्टात गेले होते. २०२१ मध्ये १५ लाख डॉलरची तडजोड झाली, १,७४३ गाड्या, दर मालकाला साधारण ६२५ डॉलर. अमेरिकेत सामूहिक दावा होतो, वकील मिळतो. नांदेडच्या माणसाने ग्राहक आयोगात जाऊन व्होल्टेज कसं सिद्ध करायचं?

मांजरा, लातूर

माझं गॅरेज आहे, म्हणून तिसरीच बाजू मांडतो. तुम्ही मालक आणि कंपनी एवढंच बोलताय. अपडेटनंतर माझ्या स्कॅनरला काही गाड्यांची बॅटरीची माहिती दिसायचीच बंद झाली. आधी सेलचं तापमान, व्होल्टेजमधला फरक निदान वाचता यायचा. म्हणजे गिऱ्हाईक माझ्याकडे आलं तरी मी ‘शोरूमला जा’ एवढंच सांगणार. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचं क्षेत्रही आहे. पोर्टलवर पुस्तिका टाकून भागत नाही, गाडीतलं स्कॅनर लावायचं पोर्ट उघडं पाहिजे.

पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

पोर्ट सगळ्यांना उघडं म्हणजे चोरालाही उघडं. कंपन्या ते बंद करतात त्यात हॅकिंगची भीती खरी आहे. मांजरा यांचं नुकसान होतं हे मान्य, पण कारण फक्त लबाडी नाही.

आणि नको म्हणायच्या सोयीबद्दल. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाने ऑटोपायलट या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी २० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल (दोष दुरुस्तीची मोहीम) केला, तो झाला सॉफ्टवेअरनेच. त्यातल्या निम्म्यांनी ‘आम्हाला जुनंच बरं’ म्हटलं असतं तर? रस्त्यावर तुमच्यासमोर येणाऱ्या गाडीचा मालक हट्टी निघाला म्हणून धोका तुम्ही सोसायचा? उद्या तीच गाडी सेकंडहँड घेणाऱ्याने काय करायचं?

गोदाकाठ, परभणी

हा मुद्दा पटला. सुरक्षेचं असेल तर सक्ती करा. पण सुरक्षेच्या पोत्यात रिजेन आणि चार्जिंगचा वेग भरू नका. आणि सक्ती असली तरी सांगणं सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांचा आर-१५६ हा नियम जुलै २०२४ पासून युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे. त्यात अपडेट कशासाठी, काय बदलणार, किती वेळ लागणार आणि तोवर गाडीतलं काय बंद राहणार, हे मालकाला आधी सांगावं लागतं. मध्येच फसलं तर गाडी आधीच्या स्थितीत किंवा सुरक्षित स्थितीत यायला हवी, असंही आहे. आपल्याकडचं एआयएस-१९० मानक याच विषयावरचं आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही.

माझ्या जॉब कार्डवरच्या त्या ओळीत यातलं काय होतं? व्हर्जनचा नंबरसुद्धा नव्हता.

स्टीलनगरी, जालना

आमच्या ट्रॅव्हल्सच्या ताफ्यात इलेक्ट्रिक गाड्या आहेत. तत्त्वाचं तुम्ही चालू द्या, मी धंद्याचं सांगतो. भाड्याच्या आदल्या रात्री कुठलंही अपडेट लावायचं नाही, हा आमच्याकडे दंडक आहे. अपडेट चालू असताना गाडी हलत नाही. पुष्कळदा हे काम मोठी बॅटरी सोडून १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं, ती म्हातारी असेल तर मधेच राम म्हणते आणि दारसुद्धा उघडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन या गाड्यांच्या कंपनीने चुकीचं सुरक्षा प्रमाणपत्र असलेलं अपडेट सोडलं, कित्येक गाड्यांचे स्क्रीन काळे पडले. गाड्या चालत होत्या, पण आमच्या ड्रायव्हरला काळा स्क्रीन दाखवून विमानतळावर पाठवा बरं.

त्यामुळे नवीन व्हर्जन आलं की आम्ही आधी एकाच गाडीवर लावतो, पंधरवडाभर बघतो, मग बाकीच्यांवर. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याने काय करावं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कयाधू, हिंगोली

एकच गाडीवाल्यानं दुसऱ्याच्या गाडीकडं बघावं, अजून काय! बालाघाट, ते मीटरचं गणित एका कागदावर मांडून टाका ना. किती टक्क्यांवरून भरली, किती युनिट लागले, बाहेर ऊन किती, व्हर्जन कोणतं. एकाच मॉडेलवाल्यांनी भरायचं.

विष्णुपुरी, नांदेड

कागदात ‘अपडेटआधी विचारलं का’ हाही रकाना घाला.

बालाघाट, बीड

घालतो. फक्त स्क्रीनवरची रेंज त्यात लिहू नका, मीटरचे युनिटच लिहा. आणि जुन्या व्हर्जनवर अजून कुणाची गाडी असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगच्या आधी एकदा पूर्ण चार्जची नोंद घ्या. नंतर तुलनेला काही उरत नाही.

पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

माझीही भरतो. अपडेट नुकतंच झालंय, जुने युनिट लिहून ठेवलेले आहेत. आकडे कंपनीच्या बाजूने आले तरी तुम्ही मानणार का, एवढंच आधी सांगा.