'सियावश' हे इराणी नाव मुलाला ठेवावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या मुलाचं बारसं पुढच्या महिन्यात आहे. नवरा मूळचा शिराजचा, पुण्यात शिकायला आला आणि इथेच राहिला. सासूबाईंनी 'सियावश' नाव सुचवलंय. मला ते मनापासून आवडलंय, पण आईने त्यामागची गोष्ट ऐकली आणि साफ नाही म्हणाली. "ज्याचा असा घात झाला, त्याचं नाव लेकराला कशाला?"

अर्थाबद्दल कुणाचीच तक्रार नाही. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातलं मूळ रूप स्यावर्शन्, म्हणजे काळे घोडे असलेला. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात मरुतांची सूक्तं ज्यांच्या नावावर आहेत त्या श्यावाश्व आत्रेयांच्या नावाचाही अर्थ जवळपास हाच. हे ऐकून आई जरा नरमली. अडलंय ते गोष्टीपाशी.

इराणी कवी फिर्दौसीच्या शाहनामा या महाकाव्यातला सियावश हा इराणचा राजा कैकाऊसचा मुलगा, महावीर रुस्तुमाच्या हाताखाली वाढलेला. सावत्र आई सुदाबे त्याच्यावर खोटा आळ घेते. पांढरे कपडे घालून, अंगाला कापूर लावून तो काळ्या घोड्यावरून आगीतून जातो आणि सुखरूप बाहेर येतो. वर तिला मारू नका म्हणून वडिलांकडे रदबदलीही करतो! इथे आईला सीता आठवली.

मला मात्र तो खरा भावतो पुढे. शत्रुराज्य तुराणशी तह होतो, तिथला राजा अफ्रासियाब शंभर माणसं ओलीस देतो. कैकाऊसचा हुकूम येतो की ओलिसांना इकडे पाठव, त्यांची मुंडकी उडवायची आहेत, आणि लढाई पुन्हा सुरू कर. सियावश दिलेला शब्द मोडत नाही. ओलीस सोडून देतो, राज्यावर पाणी सोडतो आणि शत्रूच्याच आश्रयाला जातो. तिथे संसार करतो, शहर वसवतो, आणि चुगल्यांपायी अफ्रासियाबच्याच हुकमाने मारला जातो. त्याच्या रक्तातून रोप उगवतं, असं म्हणतात. मुलगा कैखुस्रो पुढे इराणच्या गादीवर बसून बापाच्या खुनाचा सूड घेतो.

अभिमन्यू, कर्ण ही नावं आपण हौसेने ठेवतोच ना? नवरा म्हणतो, इराणात सियावश हे नेहमीचं नाव आहे. कवी सियावश कसराई तर प्रसिद्धच. पण आईला जावयाचा शब्द पुरेसा वाटत नाही.

ज्यांचा इराणी किंवा पारशी घरांशी जवळचा संबंध आहे त्यांनी कृपया सांगा: तिथली वडीलधारी माणसं या नावाला अपशकुनी मानतात का? नाव ऐकल्यावर आधी काय मनात येतं, सरळ सज्जन माणूस की दुर्दैवी? पारशांमध्ये 'सियावक्ष' असंही नाव असतं, मग जन्मदाखल्यावर कुठलं रूप घालावं? आणखी एक, इराणात लाडाने 'सिया' म्हणतात, इथे ते मुलीचं नाव. शाळेत पोराला त्याचा त्रास होईल का?

अनुभव असेल तर सविस्तर लिहा. हा धागा मी आईला वाचायला देणार आहे.