मदत हवी आहे: डेनट्रीच्या जंगलातली गाइडसोबतची पायपीट, डोहातलं पोहणं आणि माझे ७१ वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही पाच जण उत्तर क्वीन्सलंडला, केर्न्सला चाललोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि भारतातून आलेले आई-बाबा. हातात सहा दिवस आहेत. त्यातला एक दिवस गाइडसोबत डेनट्रीच्या वर्षावनात चालायचं आणि वाटेतल्या नैसर्गिक डोहात पोहायचं असं ठरलंय. खरं तर ते बाबांनीच ठरवलंय.

बाबा नदीकाठचे. पावसाळ्यात पुलावरून उडी टाकून खाली दूरवर काठाला लागायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मला पोहायला त्यांनीच शिकवलं, पाठीला सुका भोपळा बांधून, विहिरीत. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून ते पाण्यात उतरलेले नाहीत. तरणतलावाचं नाव काढलं की नको म्हणतात, त्यांना वाहतं पाणी हवं असतं. या सहलीतले डोहाचे फोटो पाहिल्यापासून मात्र रोज सकाळी पाऊण तास चालायला लागलेत. त्यांना 'नाही' म्हणायची माझी इच्छा नाही, पण भीतीही वाटतेय.

एका सहलवाल्यांना फोन केला होता. नेमका कोणता डोह, किती खोल, पाऊस झाला तर काय, असं विचारल्यावर पलीकडून एवढंच उत्तर आलं की 'सगळे जण एन्जॉय करतात'. त्याने माझं समाधान झालं नाही.

तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. मॉसमन गॉर्जला (नदीच्या घळीत) तिथल्या मूळनिवासी कुकू यलांजी लोकांसोबतची जी फेरी असते, तिच्यातच पोहणंही असतं का? मगरींचं खरं काय? आईचे गुडघे दुखतात, तिला कितपत चालता येईल? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांना पाण्यात उतरू द्यावं का, आणि द्यायचं तर कुठल्या पाण्यात?

प्रतिसाद

आम्ही केर्न्सला सहा वर्षं राहिलो. जमेल तेवढं सांगते.

मॉसमन गॉर्ज केर्न्सपासून साधारण ८० किलोमीटर उत्तरेला. तिथल्या केंद्रावर गाडी ठेवायची आणि त्यांच्या बसने आत जायचं, खासगी गाड्या आत सोडत नाहीत. कुकू यलांजी गाइडसोबतची फेरी जवळपास दीड तासाची असते. सुरुवातीला धुराचा विधी होतो, मग कुठल्या सालीचा काय उपयोग, कोणतं फळ कसं धुऊन खाण्याजोगं करायचं, हे सगळं गाइड दाखवत जातो. शेवटी चहा. फार सुंदर अनुभव आहे आणि आईंनाही झेपेल. २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी ईस्टर्न कुकू यलांजी लोकांकडे परत आली, त्यामुळे तिथे आपण खरोखरच कुणाच्या तरी घरी जातो, हे मुलीला आधी सांगून ठेवा.

पण त्या फेरीत पोहणं नाही. लोक फेरी झाल्यावर आपापले नदीत उतरतात आणि गोंधळ तिथे होतो. पाणी काचेसारखं स्वच्छ, मधे मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे, फोटोत अगदी शांत. प्रत्यक्षात धोंड्यांच्या मधून ओढ जबरदस्त असते. तिथे माणसं बुडालेली आहेत आणि तसे फलकही लावलेले आहेत. तुमच्या बाबांना नदी कळत असेल, पण ती मातीच्या काठाची, सरळ वाहणारी नदी. इथे पाणी दगडांच्या खालून वाहतं. पोहणारा वर असतो आणि पाय खालच्या फटीत ओढला जातो. तिथे पोहता येण्याचा काही उपयोग होत नाही.

याच कारणाने बॅबिंडा बोल्डर्सचा डेव्हिल्स पूल नावाचा डोह यादीतून काढून टाका. वरच्या बाजूला पोहण्यासाठी ठरवून दिलेली जागा आहे, तेवढीच. खालच्या बाजूला फक्त कठड्यामागून बघायचं. जोसेफिन फॉल्सलाही वरचा भाग बंद असतो. खालच्या गुळगुळीत दगडावरून पोरं घसरगुंडी करतात, ती फार मोहात पाडते, पण त्या ओढ्याचं पाणी बार्टल फ्रेअर डोंगरावरून येतं. १,६२२ मीटर, क्वीन्सलंडमधला सगळ्यात उंच. शेजारच्या बेलंडन केरच्या माथ्यावर वर्षाला सरासरी ८,००० मिलीमीटर पाऊस पडतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर ढग फुटलेला असतो. पाणी बघता बघता चढतं.

(बार्टल फ्रेअर म्हणजे तोच, १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर असलेला, ज्याच्या काळात फोर्टची तटबंदी पाडली. त्याचं नाव इतक्या लांबच्या डोंगराला लागलेलं पाहून मला तिथे उभ्या उभ्या घराची आठवण आली होती.)

मगरींचं म्हणाल तर खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी नदीच्या खालच्या, संथ, गढूळ भागात असतात. डेनट्री नदीत त्या दाखवायला बोटी नेतात, म्हणजे किती आहेत ते बघा. उंचावरच्या, खळाळत्या, थंड ओढ्यांत त्या सहसा नसतात. तरी पिवळा फलक नाही म्हणजे मगर नाही, असं कधीच धरू नका. स्थानिक माणूस हो म्हणाला तरच पाण्यात पाय.

प्रतिसाद

मी हृदयरोग विभागात परिचारिका आहे, म्हणून फक्त बाबांपुरतं लिहिते. निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा, हे आधीच स्पष्ट करते. भारतातल्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा. 'पोहू का?' एवढंच विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'तासभर चढ-उतार चालून घाम आल्यावर एकदम गार पाण्यात उतरू का?' असं विचारा.

जुलैमध्ये जंगलातलं पाणी बरंच गार असतं. गार पाणी अंगावर आलं की पहिल्या मिनिटात श्वास अडकल्यासारखा होतो, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतो. तरुण माणूस ते सहन करतो. स्टेंट असलेल्या माणसाला तोच मिनिट जड जाऊ शकतो. त्यात त्यांची सवय उडी मारायची. उडी अजिबात नाही. आधी काठावर दहा-पंधरा मिनिटं बसायचं, धाप पूर्ण जाऊ द्यायची, मग पाय, मग मांड्या, हाताने तोंडावर आणि मानेवर पाणी मारायचं, मग कंबरेपर्यंत. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात काहीही वाटलं की लगेच बाहेर. ओलेचिंब कपडे अंगावर ठेवू नका, कोरडा टॉवेल आणि जॅकेट काठावर तयार हवं.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्यांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर जळू लागल्यावर रक्त लवकर थांबणार नाही. जळू स्वतःही रक्त गोठू न देणारा स्राव सोडते. धोका मोठा नाही, पण मोजा लाल झालेला पाहून सगळे घाबरतात. गॉज आणि पट्टी सोबत ठेवा, दाबून धरा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

प्रतिसाद

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण एक वेगळं म्हणणं मांडतो. माझ्या वडिलांना आम्ही काळजीपोटी शेवटची काही वर्षं कशातच उतरू दिलं नाही. पाणी नाही, सायकल नाही, एकट्याने प्रवास नाही. आज ते नाहीत आणि त्यांनी काठावर बसून बघितलेल्या गोष्टी मला आठवतात. तुमच्या बाबांना वाहतं पाणी देता येत नसेल तर निदान मोकळं पाणी द्या.

लेक ईचम हे सरोवर बघा. आथर्टन पठारावरचं ज्वालामुखीचं विवर आहे, भोवती वर्षावन, पाण्याला ओढ नाही. उतरायला पायऱ्या आहेत, कठडा धरून थांबता येतं. भोवतीने तीन किलोमीटरची सपाटशी वाट आहे, आईंना हवी तेवढीच चालता येईल. कासवं दिसतात. मधे ६५ मीटर खोल आहे, म्हणून काठ सोडायचा नाही. तिथे गोड्या पाण्यातली एखादी मगरही दिसलेली आहे. ती जात बुजरी असते, तरी फलक वाचून आणि तिथल्या माणसांना विचारूनच उतरा. केर्न्सहून गिलीज रस्त्याने गेलात तर २६३ वळणं आहेत. गाडी लागत असेल त्याने पुढे बसायचं.

प्रतिसाद

पाण्याबद्दल सगळे बोलले, मी जंगलाबद्दल बोलते. लेकीला पहिल्या दिवसापासून एक नियम घाला: वाटेबाहेरच्या कुठल्याही पानाला हात नाही.

तिथे गिंपी-गिंपी नावाचं झुडूप आहे. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची मोठी हिरवी पानं, कडेला दाते, भोकं पडलेली. पानांवर काचेसारखे बारीक केस असतात, ते कातडीत मोडून राहतात. आपली खाजकुयली त्यापुढे काहीच नाही. माझ्या नवऱ्याच्या हाताला केर्न्सजवळच्या क्रिस्टल कॅस्केड्सच्या वाटेवर पान घासलं. पाणी लागलं की तीन महिन्यांनीसुद्धा आग व्हायची. लागलंच तर चोळायचं नाही, केस आणखी आत जातात. केस काढायच्या मेणपट्टीने ओढून काढतात, गाइडकडे बहुतेक वेळा असते. ही झुडपं नेमकी ऊन पडतं अशा मोकळ्या जागी, म्हणजे वाटेच्या आणि ओढ्याच्या कडेला जास्त येतात.

वेताचे आकडे असतात, कपड्यात अडकले की ओढायचं नाही, मागे सरकून सोडवायचं. कॅसोवरी (शहामृगासारखा मोठा, न उडणारा पक्षी) दिसली तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, पिशवी पुढे धरून हळूहळू मागे व्हायचं. आणि किडे पळवायचं औषध चोपडून डोहात उतरू नका, त्या पाण्यात बेडूक राहतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांबद्दलचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःहून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी अटी घालून परवानगी दिली: उडी नाही, कंबरेपेक्षा खोल नाही, दहा मिनिटं, सोबत कुणीतरी पोहणारं.

आता दुसऱ्या एका गाइडशी बोलले आणि तुमच्यामुळे नेमकं विचारता आलं. एका गाइडमागे किती माणसं? फेकायची दोरी सोबत असते का? डेनट्री नदीच्या फेरीबोटीपलीकडे फोन सहसा लागत नाही, तर ००० ला (इथल्या आपत्कालीन नंबरला) कळवणार कसं? आदल्या रात्री पाऊस झाला तर डोह रद्द करायचं कोण ठरवतं? शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, 'मी ठरवते, आणि पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी बदलत नाही.' तिच्याकडेच नाव नोंदवलं.

धागाकर्ती (परत आल्यावर)

जाऊन आलो. कुणाला पुढे उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

जंगलातल्या दिवशी डोह रद्द झाला. आदल्या रात्री पाऊस पडला होता. सकाळी आम्हाला तरी पाणी ठीक दिसत होतं, पण गाइडने आम्हाला काठापासून लांब उभं करून तीन गोष्टी दाखवल्या. पाण्याला आलेली चहासारखी झाक, वाहत आलेली ताजी हिरवी पानं, आणि काल कोरडे असलेले धोंडे आज ओले. मग म्हणाली, आता डोळे मिटून ऐका. आम्ही ऐकलं. आम्हाला एकच आवाज येत होता. बाबा म्हणाले, खालून धोंडे सरकताहेत. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यानंतर पूर्ण वाट ते दोघं पुढे चालले, बाबांच्या मोडक्या इंग्रजीत आणि तिच्या हातवाऱ्यांत, पाण्याबद्दलच बोलत.

आई पाऊण वाट चालली, उतारावर काठीचा फार उपयोग झाला. बुटांबद्दल: रबरी जाड तळाचे आणि चांगली पकड असलेलेच हवेत. नवऱ्याचे गुळगुळीत तळाचे पळायचे बूट ओल्या ग्रॅनाइटवर दोनदा घसरले. जळू लेकीला आणि मला लागली, बाबांना नाही.

दोन दिवसांनी लेक ईचमला गेलो. सकाळचे दहा, हवा गार. बाबा पायऱ्यांवर वीस मिनिटं बसून राहिले, पाय पाण्यात. मग सांगितल्याप्रमाणे तोंडावर पाणी मारलं, हळूहळू कंबरेपर्यंत उतरले आणि कठडा धरून, मी शेजारी असताना, उताणे तरंगले. कान पाण्याखाली होते म्हणून आम्ही काय बोलतोय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. लेक विचारत होती, आबा झोपले का?

दहा मिनिटांनी मी खांद्याला हात लावला. ते लगेच बाहेर आले. टॉवेल गुंडाळून बसल्यावर एवढंच म्हणाले, "पोरीला भोपळा बांधून शिकवायला हवं, ते फुग्याचे पट्टे काही खरे नाहीत."

आता एक नवीन प्रश्न: इथे ऑस्ट्रेलियात सुका भोपळा कुठे मिळेल, किंवा घरी वाळवायचा तर किती महिने लागतात, कुणाला माहीत आहे का?