शुगर असली तरी रक्तदान चालतं का?
वर कोणीतरी लिहिलंय की शुगरवाल्यांनी रक्त द्यायचंच नसतं, तर तसं सरसकट नाहीये. भारतात तरी नियम असा की इन्सुलिन चालू असेल तर कायमचं बाद, पण नुसत्या गोळ्यांवर किंवा पथ्यावर शुगर कंट्रोलमधे असेल, बाकी कॉम्प्लिकेशन्स नसतील आणि गेल्या ४ आठवड्यांत औषध किंवा डोस बदललेला नसेल तर देता येतं. बीपीच्या गोळीचंही साधारण तसंच, त्या वेळचं रीडिंग नीट हवं.

खरी विकेट पडते ती हिमोग्लोबिनवर, १२.५ च्या खाली असलं की घेत नाहीत, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका तिथेच परत जातात. कॅम्पमधे बोटाला टोचून तो थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात टाकतात ना, तो पटकन बुडला तर पास, तरंगत राहिला तर घरी जाऊन पालक नाचणी खा ;)

वजन निदान ४५ किलो, वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देत असाल तर ६० च्या आत. पुरुषांना दोन वेळांमधे ९० दिवसांची गॅप, बायकांना १२०. आणि टॅटू काढलेल्या पोरांनो, वर्षभर थांबा. फॉर्मवर लपवू नका प्लीज.