हामेत्स विकायचं कुणाकडे? (ठाणे, खर्च ५०० रुपयांच्या आत)

ठाणेकर_पूर्व: शालोम मंडळी. यंदा (२०२६) पेसाह, आपला यहुदी सण, १ एप्रिलच्या संध्याकाळी लागतोय. हामेत्स, म्हणजे गहू-जव वगैरेंचं आंबलेलं अन्न, सणात आपल्या मालकीचं ठेवता येत नाही, म्हणून बिगर-यहुदी माणसाला विकायचं. पीठ, रवा, शेवया संपवतोय, अडलंय ते बाटल्यांवर. जावयाने आणलेल्या दोन सिंगल माल्ट व्हिस्की आहेत, सीलबंद. जवाची दारू म्हणजे चोख हामेत्स. ओतून टाकायला जीव होत नाही. विक्री कुणामार्फत करू? इस्रायलच्या एका साइटवर फॉर्म आहे, तो भरू का? विक्री करून देणाऱ्याला देणगी ५०० च्या आत.

अश्दोदची_आक्का: भर की. आम्ही दरवर्षी तोच भरतो. मी तर म्हणते सणाला इकडेच ये. मृत समुद्रावर हॉटेलं पेसाहसाठी कोशेर (धर्मनियमांना चालतील अशी) करून ठेवलेली असतात, हात हलवायला नको.

ठाणेकर_पूर्व: आक्का, ५०० रुपये म्हटलंय मी.

रेवदंडा_वाडी: आमची आजी घराला चुना लावायची, भांड्यांना कल्हई करायची. आंबटाचा रांजण झाकला की आठ दिवस उघडायचा नाही, म्हणून तर पेसाहला अनाशी ढाकायचा, म्हणजे तो रांजण झाकायचा, सण म्हणतात. विक्रीबिक्री कुणी ऐकली नव्हती. उरलं ते जाळा.

भायखळा_७२: आजीकडे सिंगल माल्ट नव्हती हो. पण विक्री हा कागदी खेळच आहे, सण झाला की माल परत आपल्याच कपाटात.

गब्बायचा_नातू: खेळ नाही. बिगर-यहुदी गिऱ्हाईक इसारा देतो, बाकीची रक्कम उधार. सणानंतर त्याने बाकी भरली तर माल त्याचा, बोंब मारून उपयोग नाही. इस्रायल सरकारचं हामेत्ससुद्धा अबू घोष गावचे हुसेन जाबर वर्षानुवर्षं असंच विकत घेत आले. विकलं नाही आणि सणात आपल्या मालकीचं राहिलं, तर ते नंतरही वापरता येत नाही.

पुणे_कॅम्प: बाटली ओल्ड माँकची असती तर प्रश्नच नव्हता. रम उसाची!

भायखळा_७२: घरात ठेवणं वेगळं, पिणं वेगळं. पेसाहचा शिक्का नसेल तर ऊस काय नि काजू काय.

घड्याळजी: थांबा, फॉर्म भरू नका. ठाणे यरुशलेमच्या अडीच तास पुढे आहे. आपल्याकडे हामेत्सवरचा हक्क सोडायची मुदत सकाळी साडेअकराच्या सुमारास संपते, तेव्हा तिकडे नऊच वाजलेले असतात. विक्री करून देणाऱ्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) तिकडच्या दहा वाजता व्यवहार केला तर तुमच्या बाटल्या वेळेत विकल्याच गेल्या नाहीत. शिवाय तिकडे सण सात दिवसांचा, आपला आठ. ८ एप्रिलच्या रात्री ते माल परत घेणार, म्हणजे तुमच्या आठव्या दिवशी बाटल्या पुन्हा तुमच्या नावावर. परदेशातल्यांची विक्री ते वेगळी करतात का, हे आधी लेखी विचारा. नाहीतर कुलाब्याच्या खबाद हाउसला (खबाद या यहुदी धार्मिक संस्थेच्या केंद्राला) विचारा, त्यांचं घड्याळ तरी आपलंच.

अश्दोदची_आक्का: आम्हाला कधी काही झालं नाही बाई.

घड्याळजी: आक्का, तुम्ही अश्दोदला राहता.

लोणच्याची_बरणी: बाटल्यांचं पुराण चाललंय, हिंगाचं कोण बोलणार? डबीतल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, लेबल वाचा. माझ्या वहिनीने सगळं घर घासलं आणि आमटीत तोच हिंग घातला.

गब्बायचा_नातू: +१. हिंगाची डबीही विक्रीच्या यादीत लिहा. आणि विकलेलं सगळं एका कपाटात बंद करून ती जागाही भाड्याने द्या, म्हणजे माल तुमच्या जागेत राहिला असं होत नाही.

ठाणेकर_पूर्व: सगळ्यांचे आभार. खालच्या मजल्यावरच्या काकांना रोख विकायच्या, परत घ्यायच्या नाहीत, असं ठरवलंय. विकलं म्हणजे विकलं.

पुणे_कॅम्प: दारू विकायला परवाना लागतो, साहेब.

ठाणेकर_पूर्व: मग बक्षीस दिल्या. आज सकाळीच. हिंगाची डबीपण घेऊन गेले. खर्च शून्य.

भायखळा_७२: जावयाला सांगितलंत का?