अपेक्षा शून्य, पण बिअर भारी निघाली! तुमची कोणती?

रविवारची_वही
मागच्या महिन्यात मावसभाऊ पुण्यात आला होता, त्याने मला न विचारताच ऑर्डर दिली, पुण्याच्याच ग्रेट स्टेट एलवर्क्स या ब्रुअरीची सॉल्टेड कोकम एल, म्हणजे मीठ-कोकम घातलेली बिअर. नाव वाचूनच माझं तोंड वाकडं झालं. कोकम सरबत लहानपणापासून पितोय, बिअर पंधरा वर्षं पितोय, दोघांना एका ग्लासात कोंबायची गरजच काय? पण पहिला घोट घेतला आणि गप्प झालो. आधी जिभेच्या कडांना आंबट लागतं, मग ओठांवर मीठ रेंगाळतं, कडूपणा जवळजवळ नाहीच. समोर सुरमई फ्राय होती, तिचा तेलकटपणा एका घोटात साफ. दुसरा ग्लास मी स्वतः मागवला.
माझं ठाम मत आहे की नाव ऐकून आपण ज्या बिअर नाकारतो ना, त्यातच खऱ्या चांगल्या बिअर लपलेल्या असतात. तुमच्या बाबतीत असं कुठल्या बिअरने केलं ते लिहा, आणि पटत नसेल तर तेही लिहा.

कडक_सातारकर
अजिबात पटत नाही. बिअर म्हणजे बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, बव्हेरियात १५१६ सालीच तसा नियम करून ठेवलाय. कोकम हवंय तर सरबत प्या, मीठ हवंय तर ताक प्या. दिवसभर उन्हात साइटवर उभं राहून माणूस संध्याकाळी बसतो तेव्हा त्याला चिल्ड लागर, म्हणजे आपली नेहमीची पिवळी बिअर लागते, घसा गार व्हायला पाहिजे आणि थोडी किक बसायला पाहिजे, बास. हे असले प्रयोग एसीत बसून प्यायला ठीक.

म्युनिककर_मी
सातारकर, तुम्ही ज्या नियमाचा दाखला देताय त्याच्याच मुलखात, म्युनिकमध्ये, मी नऊ वर्षं राहतोय. त्या १५१६ च्या नियमात यीस्टचं नावसुद्धा नाहीये, कारण ते काय काम करतं हेच तेव्हा माहीत नव्हतं. आणि त्याच जर्मनीत गोझं नावाची बिअर आहे, मूळ गोस्लार गावची, नंतर लाइपझिगने उचलून धरलेली, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. आंबटपणा येतो तो दह्यातल्या जिवाणूंच्याच घराण्यातल्या जिवाणूंमुळे. म्हणजे मीठ आणि आंबटपणा बिअरला नवा नाही, पुणेकरांनी फक्त कोकम घातलं.
माझी स्वतःची धक्का देणारी बिअर मात्र वेगळीच, अल्कोहोलविरहित वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर. इथे लोक धावून आले, सायकल मारून आले की सर्रास पितात. मी तीन वर्षं तिला हात लावला नाही, बिनअल्कोहोलची बिअर म्हणजे काय बिअर आहे का, असं वाटायचं. मग बायको गरोदर असताना तिच्यासोबत म्हणून घेतली, तर केळ्याचा तो वास, लवंगेची झाक, वरचा जाड फेस, सगळं जागच्या जागी. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते, ते सगळं यीस्टचं काम. आता आठवड्यातून चार दिवस तीच.

कडक_सातारकर
गोझंचं माहीत नव्हतं, मान्य करतो. पण बिनअल्कोहोलवाली? नाही साहेब, तिथे मी थांबलो.

आगळवाला
आमच्याकडे मालवणला कोकमाचं आगळ असतं, मीठ घालून मुरवलेलं, त्याची सोलकढी. त्यामुळे वहीकार काय म्हणतायत ते लगेच कळलं, मासे खाताना आंबट-खारट काहीतरी लागतंच की आपल्याला, मग ते बिअरमधून आलं तर बिघडलं कुठे.
मी अजून एक सांगतो, काळी बिअर. आयर्लंडची गिनेस बघून मला वाटायचं ही डांबरासारखी जड असणार, दोन घोटांत माणूस आडवा. दुबईला मित्राने कॅन फोडला, आत प्लास्टिकचा गोळा खडखडतो, ओतल्यावर बुडबुडे ग्लासच्या कडेने चक्क खाली जाताना दिसतात, मिनिटभर नुसतं बघत बसलो. प्यायलो तर मऊ, साधारण बिनसाखरेच्या कोल्ड कॉफीसारखी. आणि अल्कोहोल किती, तर ४.२ टक्के! आपल्याकडची स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते आणि दिसायला पिवळीधमक. रंग येतो भाजलेल्या बार्लीचा, त्याचा किकशी काही संबंध नाही.

एलपी_एकनिष्ठ
सगळ्यांचं वाचलं आणि थोडं वाईट वाटलं, कारण कोणी साध्या बिअरबद्दल बोलतच नाहीये. मी ५-६ वर्षं फक्त क्राफ्ट, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेली बिअर पीत होतो, पुण्यात २००९ साली डूलाली ही तशी ब्रुअरी सुरू झाली तेव्हा नुकताच नोकरीला लागलेलो, तिथूनच ती सवय. साधी बाटली म्हणजे नाइलाज असंच डोक्यात बसलेलं. मग एकदा गावाकडे जाताना वाटेत एका परमिट रूममध्ये थांबलो, फक्त लंडन पिल्सनर (एलपी) होती, बाटलीवर तारीख बघितली तर भरून जेमतेम तीन आठवडे झालेले. ती एलपी इतकी स्वच्छ लागली की मी बाटली फिरवून पुन्हा लेबल वाचलं. हलकी, कोरडी, मागे किंचित कडवट. उलट त्याच आठवड्यात घराजवळच्या एका दुकानातून तिप्पट भावाची इम्पोर्टेड हिरवी बाटली आणली होती, काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेली, उघडल्यावर ओल्या कुत्र्यासारखा वास. उजेड लागला की हॉप्स बिघडतात, तपकिरी काच तो उजेड बराच अडवते, हिरवी नाही अडवत.
म्हणून माझं म्हणणं वहीकारांपेक्षा वेगळं आहे. नाव, कोकम, क्राफ्ट हे सगळं नंतर, आधी बिअर ताजी आहे का ते बघा.
आणि ते बाटली पाण्यात उलटी धरून ग्लिसरीन काढणं कृपया बंद करा. ते ग्लिसरीन नसतं हो, बिअर पाण्यापेक्षा जराशी जड असते, ती खाली उतरते आणि पाणी वर शिरतं, त्याच्या त्या रेघा. चांगल्या बिअरमध्ये आपण हाताने पाणी घालतोय.

कडक_सातारकर
हे ग्लिसरीनचं माझ्या वडिलांपासून चालत आलंय आमच्याकडे. काका करायचे, मीही करतो.

रविवारची_वही
एलपी, ताजेपणाचं शंभर टक्के मान्य, आणि बहुतेक माझी कोकमवालीही म्हणूनच आवडली असणार, ती टॅपवरची होती, पुण्यातच बनलेली. पण एक मुद्दा मी सोडणार नाही. ताजी असूनही मी ती स्वतःहून कधीच मागवली नसती, भावाने ग्लास समोर ठेवला म्हणून प्यायलो. तुम्हीही परमिट रूममध्ये दुसरं काही असतं तर एलपी घेतली असती का?

एलपी_एकनिष्ठ
नसती घेतली. खरं आहे.

कडक_सातारकर
शनिवारी पुण्यात येतोय कामाला. वहीकार, ती कोकमवाली कुठे मिळते ते सांगा, एक ग्लास पिऊन बघतो. आवडली नाही तर इथेच येऊन स्पष्ट लिहीन.